ऊस उंच का होतो

गळ्यातला टेप काढायच्या आधी ते पोराला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळायचे आणि विचारायचे, "वजनं उचलतो का रं?" पोरानं हो म्हटलं, की पँटच्या पायाची दुमड कमी. "आता तू वाढायचा न्हाई. कापड कशाला वाया घालवू?"

श्रीगोंद्यात आमच्या शाळेसमोर या शिंपी मास्तरांचं शिलाईचं दुकान होतं. मी शाळेत खेळ शिकवते, मुलींकडून वजन उचलून घेते. म्हणजे मी पोरींना बुटकं करायची आणि ते समोर बसून त्याची मोजदाद ठेवायचे.

पुरावे त्यांच्याकडे भक्कम होते. "बाजारातले हमाल बघा, बाई. एक तरी उंच हाय का? आन् ऊस उंच का होतो? त्याच्या डोक्यावर कुनी काय ठेवत न्हाई म्हनून!" यावर विज्ञानाकडे काही उत्तर असेल असं मला तरी वाटत नाही.

शेवटी पालकांसमोर मी एका डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी समजावलं, की नीट शिकवून, कुणाच्या देखरेखीखाली, हळूहळू वजन वाढवलं तर उंची खुंटत नाही. झेपणार नाही असं वजन वेडंवाकडं उचललं तर दुखापत होते, ती सांभाळा. उंची आईबापाकडून येते, खाण्याझोपेवर वाढते. मास्तर उठले. "डॉक्टर, तुमी आजवर किती पोरांची मापं घेतली?" टाळ्या पडल्या. डॉक्टरांना नव्हे. पुढच्या आठवड्यात माझ्या अकरा मुलींतल्या चार घरी बसल्या.

मास्तरांची नात मात्र नव्यानं आली. आईच्या सहीची चिठ्ठी होती आणि तोंडी निरोप, "आप्पांना सांगू नका."

वर्षभरानं, जूनमध्ये, मास्तरांनी मला रस्त्यापलीकडून हाक मारली. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. मधोमध नात उभी, जुनी सलवार घोट्याच्या चार बोटं वर. "बघा बाई, याला म्हनत्यात वाढ! वजनाला हात लावत न्हाई म्हनून!"

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मग तीच म्हणाली, "आप्पा, मी वर्षभर उचलतीय."

"माप चुकलं आसंल," मास्तर म्हणाले. पुन्हा घेतलं. तेवढंच. तिसऱ्यांदा घेतलं. मग गिऱ्हाइकांकडे न बघता ते मशिनवर जाऊन बसले. मशिन काही चालू केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरावाच्या खोलीच्या दारात उभे. मला वाटलं, नातीला न्यायला आलेत. बराच वेळ बघून म्हणाले, "बाई, वजन खाली ठेवताना ती पाठ वाकवती. मी जलमभर तसाच वाकून बसलो, माझी पाठ बघा. तिला सांगा." मी सांगितलं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

दहावीनंतर नात वाढायची थांबली. त्या घरात उंच कुणीच नाही. मास्तर स्वतः काउंटरमागे उभे राहिले तर नुसती टोपी दिसायची. पण गाव म्हणालं, "मास्तर म्हनतच हुते." वीस वर्षं जे त्यांनी गावाला शिकवलं, ते गावानं चोख पाठ केलं होतं.

"आरं, माझी आई बी बुटकीच हुती," ते चिडून सांगायचे. "तिनं काय उचललं हुतं?"

"हंडे की, मास्तर!" कुणीतरी बाकावरून म्हणालं. त्या दिवशी ते दुकान लवकर बंद करून गेले.

पण दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. एखादी आई कचरायला लागली, की मी तिला समोर पाठवायची. ते हातातलं काम ठेवून, अख्ख्या दुकानादेखत सांगायचे, "ताई, मी चुकलो हुतो. तीनदा माप घेतलं, तवा कळलं." चुकलो म्हणणारा माणूस आमच्या शिक्षकांच्या खोलीत मला अजून भेटायचाय.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. नात नगरला कॉलेजात आहे, अजून वजन उचलते, अजून तेवढीच आहे.

या जूनमध्ये एक आई मुलीचा हात धरून आली. "बाई, उंची खुंटत नाही ना?"

"समोर मास्तरांना विचारा," मी सवयीनं बोलून गेले.

मी भानावर येईपर्यंत ती रस्ता ओलांडून गेलीही होती. बंद शटरसमोर मुलीला घेऊन ती उभी होती आणि वळून माझ्याकडे बघत होती.