शेजारच्या मुलीची मतं

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, दर्पण कॉलनीत, आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या अंगणांच्या मध्ये एकच बुटकी भिंत आहे. सदतीस वर्षांपूर्वी मी लग्न होऊन इथे आले, तेव्हा काकूंची मुलगी पाच वर्षांची होती. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ती त्या भिंतीवर चढून बसली आणि मला विचारू लागली, "वहिनी, तुम्ही गोऱ्या आहात की पावडर लावलीय?" सासूबाईंसकट सगळे हसले. मी मात्र आत जाऊन तोंड धुतलं.

काका सरकारी शाळेत संस्कृत शिकवत. मुलगी हिंदी शाळेत जायची, घरात आमच्या सगळ्यांसारखी अर्धी मराठी, अर्धी हिंदी बोलायची. मीही पुढे इथल्याच एका मुलींच्या शाळेत शिक्षिका झाले. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती दुपारची माझ्याकडे मराठी वाचायला येई. तिला 'ळ' म्हणता येत नसे. कमळ, बाळ, मुळा, असं मी तिच्याकडून घोकून घ्यायची आणि ती वैतागून म्हणायची, "कमल म्हटलं तरी फूल तेच राहतं नं?"

पुढे ती नाटक शिकायला पुण्याला गेली, तिथून मुंबईला. एका मालिकेतली तिची भूमिका घराघरांत पोचली. इंदरगंजमधल्या एका साडीच्या दुकानदाराने तिचा फोटो चौकटीत घालून गल्ल्याच्या वर लावला. कॉलनीत कुणाकडे पाहुणे आले की काकूंचं घर दाखवलं जाई. काका तोवर गेले होते. काकू एकट्याच राहत, आणि मुंबईला चला म्हटलं की म्हणत, "तिथे मला कोण ओळखतं?"

इथे त्यांना सगळे ओळखत. समोरचे निवृत्त अकाउंटंट त्यांना दर महिन्याला स्कूटरवर बँकेत नेत. माझे यजमान दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे चहाला जात आणि त्यांना अंधुक दिसायला लागल्यापासून पेपर वाचून दाखवत. मी तर भिंतीवरून दिवसातून चारदा बोलत असे.

आमच्या घरातल्या राजकारणाबद्दल सांगायला हवं. हे एका बाजूचे, मी दुसऱ्या बाजूची. मतदानाला आम्ही एकाच स्कूटरवर जातो आणि एकमेकांचं मत रद्द करून येतो, असं आमचा जावई म्हणतो. पूर्वी त्यावरून नुसती चेष्टा व्हायची. गेल्या काही वर्षांत चेष्टा कमी झाली. टीव्हीचा रिमोट कुणाच्या हातात आहे यावर संध्याकाळ कशी जाणार ते ठरू लागलं.

अशात एका मुलाखतीत ही मुलगी बोलली. सरकारला प्रश्न विचारला की लगेच देशावर प्रेम नाही म्हणतात, ज्यांना उत्तर देता येत नाही तेच असं म्हणतात, असं काहीसं. तिचं तीस-चाळीस सेकंदांचं बोलणं सकाळपर्यंत कॉलनीच्या ग्रुपवर आलं. त्याखाली माणसांनी काय काय लिहिलं ते इथे देत नाही. त्यांतल्या दोघांच्या मुंजीत तिने गाणं म्हटलं होतं.

हे चहाचा कप ठेवत म्हणाले, "नाटकवाल्यांनी नाटक करावं. राजनीतीतलं हिला काय कळतं?"

"तुम्हाला कळतं तेवढं तिलाही कळतं," मी म्हटलं. "माणसाने बोलूच नये का?"

त्यावरून आम्ही दोन दिवस एकमेकांशी बोललो नाही. साडीच्या दुकानातला फोटो खाली उतरला. अकाउंटंटसाहेबांच्या स्कूटरला अचानक काहीतरी झालं आणि काकू बँकेत रिक्शाने जाऊ लागल्या. यांचा रविवारचा चहा घरीच होऊ लागला.

मी मात्र काकूंकडे जास्तच जायला लागले. वाटीभर भाजी, दोन पुरणपोळ्या, काही ना काही घेऊन. ते बोलणं मी अकरा जणांना पाठवलं होतं आणि तिला 'शाबास, अशीच बोलत राहा' असा मेसेजही केला होता. आता लिहिताना कबूल करते, तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. सगळ्यांनी पाठ फिरवली, मी नाही फिरवली, असं.

दीड वर्ष गेलं. मधल्या काळात मी निवृत्त झाले. माझ्या जुन्या शाळेतल्या कंत्राटी शिक्षिका फूलबाग मैदानावर धरण्यावर बसल्या, तेव्हा मीही त्यांच्यासोबत बसले. डिसेंबरची थंडी, खाली सतरंजी, अकरा दिवस. त्यातून निघालं काही नाही. आश्वासन मिळालं आणि सगळ्या घरी गेल्या.

त्यानंतर पंधरा दिवसांत तिची दुसरी मुलाखत आली. मुलाखत घेणाऱ्याने आंदोलनांबद्दल विचारलं, आणि ती हसून म्हणाली, "आजकाल धरणं म्हणजे सेल्फी काढायची जागा झालीय. दोन तास बसायचं, फोटो टाकायचा, घरी जाऊन गरम जेवायचं."

मी ते तीनदा पाहिलं. माझे गुडघे अजून धरलेलेच होते. मी फोन टेबलावर आपटला आणि म्हणाले, "गाडीतून उतरायचं नाही कधी, आणि म्हणे धरणं! हिला काय कळतं रस्त्यावरचं? नटीने नाटक करावं."

हे समोर बसून संत्रं सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "हेच मी म्हणालो होतो, तेव्हा तू दोन दिवस बोलली नव्हतीस."

मी रागाने फोन उचलून आत गेले. त्याच रविवारी हे दौलतगंजच्या बाजारातून तिळगुळाची गजक घेऊन आले आणि अर्धा किलोचा डबा काकूंकडे घेऊन निघाले.

"आता आठवण झाली?" मी दारातून विचारलं.

"आता ती खरं बोललीय," हे म्हणाले, आणि गेलेसुद्धा.

मी काकूंकडे जायचं सोडलं असं कधी ठरवलं नाही. आज गुडघे दुखतात, उद्या लेक येणार आहे, परवा फार थंडी. भिंतीपाशी त्यांची चाहूल लागली की मी स्वयंपाकघरात काहीतरी काम काढायची. या माऊलीने काय केलंय, हा प्रश्न मनात येई. मी त्याला बसू देत नसे.

काकूंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख जानेवारीतली होती. दिवाळीतच मी त्यांना म्हटलं होतं, "मी घेऊन जाईन, तुम्ही बिलकुल चिंता करू नका." मुलीचं शूटिंग होतं. तिलाही मीच फोनवर सांगितलं होतं, तू सावकाश ये, मी आहे. ती तारीख माझ्या कॅलेंडरवर गोल करून ठेवलेली होती. मी आठवडाभर त्या गोलाकडे पाहत होते आणि वाट पाहत होते, की काकूंनी हाक मारावी. त्यांनी मारली नाही. हे तेव्हा बहिणीकडे लग्नाला इंदूरला गेले होते.

त्या दिवशी दुपारी मी गच्चीवर उन्हात मटार सोलत बसले होते. खाली ई-रिक्शा थांबली. काकू उतरल्या. एका डोळ्यावर पांढरी पट्टी, आणि दुसऱ्या डोळ्याने तसंही त्यांना धड दिसत नव्हतंच. रिक्शावाला, चांगला साठीचा माणूस, त्यांचं कोपर धरून फाटकापर्यंत आला. काकू पिशवीत किल्ली शोधत होत्या, कुलूप हाताने चाचपत होत्या. रिक्शावाल्याने इकडेतिकडे पाहिलं, मी दिसले तशी विचारलं, "बहनजी, इनके घर में कोई नहीं है क्या?"

मी खाली धावले. म्हणजे मला जेवढं धावता येतं तेवढं. "मैं हूँ, पड़ोस में," मी म्हटलं.

"अच्छा," तो म्हणाला, आणि किल्ली माझ्या हातात देऊन गेला. त्याच्या आवाजात काही नव्हतं. तरी तो शब्द मला अजून ऐकू येतो.

काकूंना पलंगावर बसवलं, पाणी दिलं. थोड्या वेळाने विचारलं, "काकू, तुम्ही मला हाक का नाही मारली?"

"मारणार होते. मग वाटलं, तुला नाही म्हणावं लागेल. ते तुला जड गेलं असतं."

काकू उशीला टेकल्या आणि अगदी साध्या आवाजात सांगू लागल्या, जसं भाजीचा भाव सांगावा. "ती टीव्हीवर काय बोलते ते मी ऐकत नाही ग. मला ते दारातून कळतं. तुझा नवरा यायचा थांबला, समोरच्यांची स्कूटर बिघडली, तेव्हा समजलं, हिने त्यांच्या माणसांना काही म्हटलंय. मग एक दिवस तो गजक घेऊन आला, आणि तुझा आवाज येईना. म्हटलं, आता तुमच्या माणसांना म्हटलं असेल."

"काकू, तसं नाही..."

"तसंच आहे. मी रागावले नाहीये. पण एवढी माणसं आली नि गेली, तुमच्यातल्या एकाने तरी मला विचारलं का, मला काय वाटतं ते?"

मी खरंच विचारलं नव्हतं. आता विचारलं, "काय वाटतं?"

"मला वाटतं ती फार जोरात बोलते," काकू म्हणाल्या. "कान दुखतात."

आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता मला रडू आलं. त्या म्हणाल्या, "तू रडून घे, मला डॉक्टरने मना केलंय."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना पट्टी काढायला घेऊन गेले. डोळ्यात दिवसातून सहादा थेंब घालायचे होते. हे परत आल्यावर मी सगळी हकिकत सांगितली. त्यांनी मला बोल लावला नाही. एवढंच म्हणाले, "दुपारचे दोन थेंब मी घालीन." चष्मा नाकावर, मोबाइलचा गजर लावून ते वेळेवर जात.

पाचव्या दिवशी मुलगी आली. गाजलेली नटी म्हणून नाही, सुजलेल्या डोळ्यांची, रात्रभर गाडीत न झोपलेली बेचाळीस वर्षांची बाई म्हणून. काकूंच्या स्वयंपाकघरात मी खिचडी टाकत होते. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"वहिनी, आईने सांगितलं नाही, पण मला कळलं. ती एकटी गेली होती."

"हो. चूक माझी आहे," मी म्हटलं. "पण तुझ्यावर मी अजून रागावलेली आहे. ती गोष्ट वेगळी."

"सेल्फीवाली?"

"अकरा दिवस बसले मी तिथे. माझ्या शेजारी जी बसायची ती बारा वर्षं एकाच शाळेत कंत्राटावर आहे. सकाळी सगळ्यांचं करून यायची, डब्यात कोरडी पोळी आणि लोणचं. तिच्याकडे फोटो काढायचा फोनसुद्धा नव्हता. आणि तू म्हणालीस, घरी जाऊन गरम जेवतात."

तिने ओट्यावरचं झाकण हातात घेतलं. मग म्हणाली, "मला हे माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं, तर बोललीस का?"

"त्यांनी विचारलं. मला काहीतरी चटपटीत बोलायची सवय झालीय." खिचडीवर झाकण ठेवत ती पुढे म्हणाली, "एक विचारू? माझी पहिली मुलाखत तुम्ही पूर्ण ऐकली होती?"

मी गॅस बारीक केला.

"त्यात मी तुमच्या लोकांबद्दलही बोलले होते वहिनी. तेही सत्तेत होते तेव्हा असेच वागले, म्हणून. तुमचा शाबासचा मेसेज आला, मला वाटलं तुम्ही सगळं ऐकून पाठवलाय. फार बरं वाटलं होतं मला."

मी ताटं घेतली.

त्या संध्याकाळी मी आणि हे शेजारी शेजारी बसलो आणि तिच्या दोन्ही मुलाखती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकल्या. अडीच तास. पहिली खरंच तिने सांगितली तशी होती. काही ठिकाणी मी चुळबुळले, काही ठिकाणी यांनी घसा साफ केला. दुसरीत मात्र ते सेल्फीचं वाक्य होतं तसंच होतं. त्याच्या आगेमागे सांभाळून घेणारं काही नव्हतं. "हे तिचं चुकलंच," हे म्हणाले. पहिल्यांदाच त्या मुलीच्या एखाद्या वाक्यावर आमचं एकमत झालं.

ती आठवडाभर राहिली. जाताना तिने माझ्याकडून त्या शिक्षिकेच्या घरचा नंबर मागून घेतला. फोन केला की नाही, मी विचारलेलं नाही. टीव्हीवर तिने ते बोलणं मागे घेतलं नाही, एवढं मला माहीत आहे, आणि ते मला अजून खटकतं. मी तिला तसं लिहिलं. तिने लिहिलं, 'वाचलं वहिनी.' बस्स.

अकाउंटंटसाहेब अजून काकूंच्या घरासमोरून मान खाली घालून जातात. बँकेत आता हे घेऊन जातात. ती मधूनमधून बोलतच असते. कधी यांना झोंबतं, कधी मला. रविवारचा पेपर मात्र चुकत नाही. काकू हल्ली मथळे स्वतः वाचतात, बारीक अक्षर यांच्याकडे देतात.

मार्चमध्ये दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा आम्ही दोघंही गेलो होतो. बाहेर बाकावर बसल्या बसल्या कुठल्याशा बातमीवरून आमची इतकी जुंपली, की नर्सने येऊन दटावलं, "अंकलजी, आंटीजी, यह अस्पताल है." आत काकूंना ते ऐकू गेलं असावं. बाहेर आल्यावर त्यांनी एका हाताने माझा आणि एका हाताने यांचा दंड धरला आणि म्हणाल्या, "चला, घरी जाऊन भांडा. मला भूक लागलीय."