मामासासऱ्यांचं पान आणि बी

धुळ्याचे आमचे मामासासरे जगातल्या प्रत्येक माणसाकडे एकाच नजरेने पाहत: याचं नेमकं कुठे दुखतं? पंगतीतल्या वाढप्याच्या चालीवरून ते त्याचा गुडघा ओळखत, आणि एसटीच्या कंडक्टरची मान तर तिकीट घेण्याआधीच चेपायला लागत. दुखणं सापडलं की पिशवीतून भांगेचं औषध निघे. राज्याच्या सीमेपलीकडल्या परवान्याच्या दुकानातून आणलेली पानं आणि भांगेचंच बी, दोन्ही कमीजास्त करून तुपातेलात कढवत राहणं हा त्यांचा उद्योग. "एकलं पान काही कामनं नही, जावईबापू. त्याले बीनी संगत लागस," असं ते सांगत, आणि मी, चोपड्याच्या शाळेतला विज्ञानशिक्षक, चारचौघांत हसत असे.

मग शाळेला रंगीत टीव्ही मिळाला. शिपायाची वाट पाहणं कमीपणाचं वाटून मी तो एकट्याने उचलला, पाठ धरली आणि आठ दिवस अंथरुणाला खिळलो. गोळ्यांनी फक्त पोट बिघडलं. मामा दोन बाटल्या घेऊन आले. "हाई लावानं शे, हाई चाटानं. नखभर." ते अंघोळीला गेल्यावर, नखभर हे काही शास्त्रीय प्रमाण नव्हे म्हणून, मी चांगले दोन चमचे चाटले.

तासाभराने मुख्याध्यापक समाचाराला आले. त्याच महिन्यात पर्यवेक्षक नेमायचा होता आणि माझं नाव पुढे होतं. मी त्यांचा हात धरून रडलो आणि कबूल केलं, की विद्युतचुंबकत्वाचा धडा मलाच कळत नाही, म्हणून बारा वर्षं मी तो मुलांना 'घरी वाचा' असं सांगत आलोय. बायको भिंतीकडे पाहत राहिली. पर्यवेक्षक दुसराच झाला. पाठ मात्र दुखत नव्हती. ती कुठे आहे हेच मला सापडत नव्हतं.

मामा दिवस मावळेपर्यंत उशाशी बसले. "घाबरू नका, बठ्ठं उतरी जाई," म्हणत कपाळावर ओला पंचा ठेवत राहिले. रागावले नाहीत. भानावर आल्यावर मी ओशाळून विचारलं, "मामा, हा नाद तुम्हाला लागला कसा?"

मामी माझ्या लग्नाआधीच हाडांच्या कॅन्सरने गेल्या, एवढंच मी ऐकून होतो.

"डाक्टरसनी हात टेकी दिनात," मामा पंचा पिळत म्हणाले. "मंग मीच पान-बी कमीजास्त करी दखं. एक दुपारले ती उठीसन बठनी, मनासंगे चहा पिनी, हसनी. माले वाटनं, जमनं. चार दिनमा ती गई."

मामा उठले, धुळ्याची गाडी किती वाजता आहे ते विचारू लागले.

"आज राहा, मामा," मी म्हणालो.

ते राहिले. आणि पुढे दर हिवाळ्यात चार दिवस राहत गेले, अगदी शेवटच्या वर्षापर्यंत.