आधी अंदाज, मग आकडा

आदरणीय मेढेकर बाईंची आणि माझी पहिली भेट बॉयलर हाउसमध्ये झाली. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी तेव्हा बॉयलरवर हेल्पर होतो. उल्हासनगरच्या एका कॉलेजची मुलं कारखाना पाहायला आली होती आणि त्यांच्याबरोबर भौतिकशास्त्राच्या शिक्षिका म्हणून बाई होत्या. त्यांची निवृत्ती जवळ आली होती. साहेबांचं माहिती सांगून झालं तशी मुलं बाहेर पडू लागली, पण बाई प्रेशर गेजसमोरून हलेनात. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही सांगा, आतलं पाणी आत्ता किती तापलेलं असेल?"

कारखान्यात मला कुणी 'तुम्ही' म्हणत नसे, त्यामुळे आधी मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. मग म्हणालो, "शंभर डिग्री. पाणी शंभरला उकळतं ना." दोन-तीन मुलं हसली. बाईंनी हसणाऱ्यांनाच धरलं, "मग किती?" एकाने सूत्र म्हणायला घेतलं आणि अर्ध्यात अडकला. "सूत्र राहू दे, नुसता अंदाज सांग," बाई म्हणाल्या. तोही त्याला सांगता येईना. मग त्या पुन्हा माझ्याकडे वळल्या. "घरी कुकर असेल. उघड्या पातेल्यात डाळीला वेळ लागतो, कुकरमध्ये ती लवकर शिजते. दोन्हीकडे पाणी शंभरलाच उकळत असतं, तर असं झालं असतं का?"

कित्येक वर्षं मी त्या बॉयलरशेजारी उभा होतो आणि घरी रोज कुकरमधली डाळ खात होतो, पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं. बाईंनी तिथेच उभ्याउभ्या समजावलं, की कोंडलेली वाफ पाण्यावर दाब देते आणि त्या दाबाखाली उकळायचं तर पाण्याला शंभराच्या पुष्कळ वर तापावं लागतं. मला ते कळलं. कळलं म्हणजे खरोखरच कळलं, आणि त्याचं मलाच नवल वाटलं.

साहेब मध्येच म्हणाले, "मॅडम, याच्यावर कशाला वेळ घालवताय? हा ओरलला दोनदा उडालाय." साहेब बोलले ते खोटं नव्हतं. बॉयलर चालवायचा तर अटेंडंटची सरकारी परीक्षा पास व्हावी लागते, आणि तिथे समोर बसवून तोंडी विचारतात. माझा हात कामाला चांगला होता, पण गणिताची आणि माझी आठवीतच फारकत झाली होती. म्हणून मी गाइडमधली सूत्रं घोकून गेलो होतो. दुसऱ्या वेळेला एक सूत्र अगदी बरोबर म्हणून दाखवलं, तर परीक्षकांनी विचारलं, "यातला व्ही म्हणजे काय?" मी म्हटलं, "व्ही म्हणजे व्ही, साहेब." तिथेच माझा निकाल लागला. इकडे कारखान्यात नवा बॉयलर येणार होता आणि सर्टिफिकेट असलेलाच माणूस त्यावर राहणार होता. बाकीच्यांना ठेकेदाराकडे जावं लागणार होतं. ठेकेदाराकडे म्हणजे आज आहे, उद्या नाही. घरात आई-वडील, बायको, दोन लहान मुलं, आणि गावाकडची, चामटोलीची जमीन भावांत वाटली गेलेली. तिसऱ्यांदा नापास होणं मला परवडणारं नव्हतं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "रविवारी मांजर्लीला माझ्या घरी या. मी आता रिकामीच होणार आहे."

आमच्या घरी या आमंत्रणाचं स्वागत फारसं झालं नाही. सुनीता, माझी पत्नी, म्हणाली, "दोनदा दिवे लावून आलात, आता रविवार पण घालवा. कॉलेजच्या बाई त्या, बॉयलर त्यांनी कधी बघितलाय का?" वडिलांनी तर परस्पर निकालच दिला, "आरं, ज्याला वजाबाकी येत नाय त्याला सायन्स कसलं शिकिवतात?" तरी मी गेलो. हळूहळू आमच्यासारखे आणखी काही जण जमले. त्यांत उल्हासनगरच्या जीन्स धुण्याच्या कारखान्यात बॉयलरवर काम करणारा महेश नावाचा सिंधी तरुण होता. तो मराठीत सुरू करायचा, हिंदीत शिरायचा आणि रागावला की सिंधीत संपवायचा.

पहिल्याच रविवारी बाईंनी माझं गाइड मिटून कपाटावर ठेवलं. पेन काढायला बंदी. त्यांच्या वर्गाची रीत ठरलेली होती. काही दाखवायच्या आधी त्या विचारणार, "आता काय होईल?" प्रत्येकाने हात वर करून आपला अंदाज सांगायचा आणि तो का, हेही सांगायचं. 'माहीत नाही' हे उत्तर चालत नसे. अंदाज दिल्याशिवाय प्रयोग बघायला मिळत नसे, त्यामुळे एकदा तर मी अर्धा तास नुसता झाकलेल्या भांड्याकडे बघत बसलो होतो. आणि ज्याचा अंदाज चुकेल त्याला आधी चहा. बाईंचं म्हणणं असं, की चुकणाऱ्याने आपल्या मनातली समजूत उघडी केली, म्हणून बाकीच्यांना शिकता आलं, तर त्याला मान नको का? सुरुवातीला महेशला इतका चहा मिळे, की त्याला पित्त झालं.

एका रविवारी बाईंनी सोड्याची अर्धी भरलेली बाटली टेबलावर ठेवली. झाकण घट्ट होतं. "मी झाकण सैल करणार. आतला सोडा वर चढेल, खाली जाईल की तिथेच राहील?" महेश वैतागला. "बाई, फॉर्म्युला दे दो ना, रट लेंगे. एक्झाम में कौन सोडा दिखाता है?" बाईंनी शांतपणे विचारलं, "महेश, वर की खाली?" तो म्हणाला, "नीचे. गॅस निघून जाणार ना बाहेर." मीही खालीच म्हटलं. त्या दिवशी कुकर कसा उघडतात ते आम्हाला सांगायला बाईंनी सुनीतालाही बोलावलं होतं. ती कोपऱ्यातून म्हणाली, "वर येईल. दूध उतू जातं तेव्हा दूध वाढतं का? फुगतं." बाईंनी झाकण फिरवलं. फस्सकन बुडबुडे उठले आणि सोडा गळ्यापर्यंत चढला. थोड्या वेळाने खाली बसला, तर पहिल्यापेक्षा जरासा कमीच भरला. चहा आम्हाला दोघांना आधी मिळाला, आणि सुनीताने त्यानंतर रविवारबद्दल कधी तक्रार केली नाही. उलट परतताना मोटरसायकलवर मागून मलाच विचारत बसायची.

मग बाईंनी त्याच बाटलीवरून बॉयलरवर नेलं. बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवायला बाहेर काचेची नळी असते, तिला गेज ग्लास म्हणतात. कारखान्यात कुणी एकदम जास्त वाफ ओढली की आतला दाब पडतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि काचेत पाणी वर चढतं. बघणाऱ्याला वाटतं, पाणी जास्त झालं, म्हणून तो पाण्याचा पंप बंद करतो. प्रत्यक्षात पाणी वाफ होऊन कमी होत असतं. बुडबुडे बसले की पातळी धाडकन खाली येते आणि पाण्याखालच्या, आगीने तापणाऱ्या लोखंडी नळ्या उघड्या पडून जळतात. आम्ही सगळे हेच करत आलो होतो. काचेत पाणी वर दिसलं की पंपाकडे धावायचं, हेच आम्हाला जुन्या माणसांनी शिकवलं होतं.

बाई गणिताच्या शत्रू होत्या असा गैरसमज कुणी करून घेऊ नये. त्यांचे एक निवृत्त सहकारी एकदा वर्गात डोकावले आणि म्हणाले, "गणिताशिवाय भौतिकशास्त्र म्हणजे बिनमिठाची आमटी." बाई म्हणाल्या, "मीठ मी घालणारच आहे. पण डाळ शिजू तर द्या." पुढे आम्हीच विचारायला लागलो, की दाब दुप्पट झाला तर तापमान कितीने वाढेल? पण नेमकं किती? तेव्हा बाईंनी पहिल्यांदा कागद काढला आणि वाफेच्या दाबाचं कोष्टक समोर ठेवलं. आकडा आपल्याला हवा असताना येतो तेव्हा त्याची भीती वाटत नाही, हे मला चाळिशीला टेकताना कळलं. आठवीत कुणी एवढं सांगितलं असतं तर माझी पुष्कळ रडारड वाचली असती.

बाईंना राग येतो, हेही या गौरवग्रंथात कुठेतरी नोंदवायला हवं. न कळता 'कळलं' म्हणणाऱ्यावर त्या जाम चिडतात. पण माणसाच्या अडचणीवर त्या कधी चिडल्या नाहीत. एका पावसाळ्यात उल्हास नदीचं पाणी त्यांच्या तळमजल्याच्या घरात शिरलं. आम्ही सामान उचलायला गेलो. गाद्या, पुस्तकं, गॅस सगळं पहिल्या मजल्यावर नेऊन झालं तेव्हा पाणी ओसरलं होतं आणि फरशीवर चिखल होता. आम्हाला वाटलं, आज सुटी. बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "परीक्षा तोंडावर आहे. बसा." आम्ही चिखलाचे पाय घेऊन जिन्यावर ओळीने बसलो. शेजारच्या काकूंनी वरून पोहे पाठवले.

परीक्षेचा दिवस उजाडला. समोर कडक चेहऱ्याचे परीक्षक. पहिलाच प्रश्न सूत्राचा आला आणि मला ते आठवेना. साहेबांचे शब्द, वडिलांचे शब्द, ठेकेदाराचं तोंड, सगळं डोळ्यांपुढे आलं. परीक्षक म्हणाले, "बरं, हे सांगा. स्टीमचा वापर अचानक वाढला. ग्लासात पाणी वर चढलं. काय कराल?"

मी म्हणालो, "आधी प्रेशर गेज बघीन. प्रेशर पडलं असेल तर पंप बंद करणार नाही."

"ग्लास पाणी जास्त दाखवतोय आणि तुम्ही पंप चालू ठेवणार? डोळ्यांवर विश्वास नाही का?"

"आहे साहेब. पण पाणी फुगलंय, वाढलेलं नाही. थोड्या वेळात ते पहिल्यापेक्षा खाली येईल. तोवर वाफ ओढणाऱ्याला व्हॉल्व्ह हळू उघडायला सांगीन."

त्यांनी त्यावर आणखी बरंच खोदून विचारलं. दाब पडला की बुडबुडे का फुगतात, पंप बंद केला असता तर पुढे काय झालं असतं. मी सांगत गेलो. कुठलंही उत्तर मला आठवावं लागलं नाही, कारण आत काय चाललंय ते मला दिसत होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "आणि ते सूत्र?" मी म्हटलं, "नाही आठवत, साहेब." ते म्हणाले, "ठीक आहे, जा."

दुपारी उशिरा निकाल कळला. मी पास झालो होतो. बाहेरच्या कट्ट्यावर मी बराच वेळ बसून राहिलो. सुनीताला फोन केला, ती रडली. मग बाईंना केला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत त्यांनी उचलला.

पास झालो, असं सांगितलं. बाई म्हणाल्या, "काय विचारलं ते सांगा." मी सगळं सांगितलं, सूत्र आठवलं नाही तेही. नंतर त्या म्हणाल्या, "बरं झालं. आता मी जेवते." तेव्हा दिवेलागण व्हायला आली होती.

पुढच्या रविवारी मी पेढे घेऊन गेलो तेव्हा विचारलं, की बाई, त्या दिवशी इतक्या उशिरा जेवण का? आधी त्यांनी टाळलं. मग म्हणाल्या, "तुमच्याजवळ दुसरी संधी नव्हती. तुम्ही सूत्रं पाठ करत होतात, ती मी सोडायला लावली. तुम्ही नापास झाला असतात तर तुमचं घर माझ्या हट्टापायी उघड्यावर आलं असतं. मी ठरवलं होतं, असं झालं तर पुन्हा कुणाला शिकवायचं नाही." एवढे सगळे रविवार त्या आमच्यासमोर इतक्या निवांत बसायच्या, की भीती फक्त आपल्यालाच आहे असं मी धरून चाललो होतो. ती तितकीच त्यांनाही होती.

बाईंचा वर्ग बंद झाला नाही, म्हणून महेश पास झाला, आणि त्याच्यामागून कितीतरी जण झाले. मी आज बॉयलर हाउसचा इनचार्ज आहे. हाताखालच्या मुलांना काही दाखवण्याआधी अंदाज विचारतो आणि ती वैतागतात. वडिलांनी पुढे एकदा बाईंना शेतातली वांगी नेऊन दिली आणि वजाबाकीचा विषय पुन्हा काढला नाही.

बाई, आपण पंचाहत्तर वर्षांच्या झालात. आपले गुडघे दुखायचे थांबोत, डोळे असेच तेज राहोत, आणि आम्हाला रागावण्याइतका दम आपल्या छातीत पुष्कळ वर्षं असो, हीच आम्हा सर्वांची मनापासून इच्छा. आपल्या वर्गातून अजूनही दर वेळी कुणी ना कुणी परीक्षेला जातो, आणि त्या दिवशी आपण अजूनही उपाशी बसता, हे शेजारच्या काकूंनी आम्हाला सांगितलं आहे. यापुढे तसं करू नका. आम्ही पास होतो, बाई. आपण वेळेवर जेवून घ्या.