बेटावरचा पहिला उंदीर

आमच्या आत्याला सगळं बेट 'मांजर' म्हणतं. तोंडावर नाही, तेवढी कुणाची छाती नाही. होडी धक्क्याला लागली की ती पुढे होते आणि उतरणाऱ्या प्रत्येकाचं सामान उघडायला लावते. पोती सोडायची, टोपल्या पालथ्या करायच्या. कुणी कुरकुर केली तर म्हणते, "परत जायला होडी उभीच आहे." माझ्या वडिलांना, म्हणजे स्वतःच्या सख्ख्या भावाला, तिने भर धक्क्यावर बूट काढून झटकायला लावले होते.

ती उंदीर शोधते आणि त्याचाच पगार घेते. आमच्या बेटावर उंदीर नाही, म्हणून समुद्रपक्षी खुशाल जमिनीवर अंडी घालतात. त्या पक्ष्यांचा अभ्यास करायला एक बाई इथे राहतात, त्यांना आम्ही पक्षीबाई म्हणतो. त्यांच्या भिंतीवर किनाऱ्याचा नकाशा आहे. तपकिरी उंदीर मूळचा इकडचा नव्हे, जहाजांतून आला. ज्या बंदरात तो पहिल्यांदा सापडला तिथे एक टाचणी आणि खाली साल. मला त्या नकाशाचं भारी वेड. या बंदरातून शेजारच्या बंदरात जायला याला एवढी वर्षं का लागली? आणि त्या लांबच्या बंदरात मात्र आधीच कसा पोचला? कोणत्या जहाजातून, कसल्या मालातून? उंदराने प्रवासवर्णन लिहिलं असतं तर मी रांग लावून घेतलं असतं. आमचं बेट तेवढं कोरं होतं. त्याचं श्रेय आत्या निम्मं देवाला द्यायची, निम्मं स्वतःला.

आणि एका सकाळी तिला स्वतःच्याच मोरीतला साबण कुरतडलेला दिसला.

पक्षीबाईंनी तिला नमुना म्हणून मेणाची एक वडी दिली होती, तिच्यावर उंदराचे दात उमटलेले होते. आत्याने साबण त्या वडीशेजारी धरला. खाचा तंतोतंत जुळल्या. मी तिथेच चहा पीत होते. भल्याभल्यांना धारेवर धरणारी माझी आत्या साबण आणि वडी पुन्हा पुन्हा जुळवून पाहत राहिली.

"सापळा लावू, धरू आणि समुद्रात टाकू," आतोबा हळूच म्हणाले. "कुणाला कळायचं नाही. नोकरीही राहील आणि तुझं नाकही."

"आणि तो एकटाच आहे कशावरून?" आत्याने विचारलं.

सापळ्यात उंदीर सापडला तेव्हा आत्या स्वतः तो उचलून, भर बाजारातून, पक्षीबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी तो नीट पाहिला. "मादी आहे," त्या म्हणाल्या. "नुकतीच व्यालीय. म्हणजे पिल्लं तुमच्या घरात आहेत."

बाईंना बरोबर घेऊन आम्ही सगळं घर बाहेर काढलं. डबे, ट्रंका, गाद्या. शेवटी माळ्यावर एक गाठोडं सापडलं, गाठ तशीच, पण कोपऱ्याला भोक. पलीकडच्या शहरात राहणाऱ्या लेकीने स्वतः शिवून दिलेली दुलई होती ती. आत्या गेल्या महिन्यात गरोदर लेकीला भेटून आली, तेव्हा घेऊन आली होती.

"हे धक्क्यावर उघडलं नव्हतं?" पक्षीबाईंनी विचारलं.

"लेकीच्या घरचं काय तपासायचं?" आत्या बोलून गेली.

दुलईच्या कापसात गुलाबी, डोळे न उघडलेली पिल्लं होती. पक्षीबाई गाठोडं घेऊन परसात गेल्या. आत्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. ती रडत होती आणि तिला ते लपवायचंही नव्हतं.

बाई परत आल्या, हात धुतले आणि नोंद करायला बसल्या. त्या मनाने चांगल्या. म्हणाल्या, "ठिकाण 'धक्का' लिहू का? आला तर तिथूनच ना."

"म्हणजे उद्या लोक धक्क्यावर शोधत बसतील," आत्या म्हणाली. "माझं घर लिहा. आणि शेजाऱ्यांकडे आजच सापळे लावा."

नकाशावर टाचणी लागली, आणि गावाला वाचा फुटली. दिव्याखाली अंधार, म्हणाले. मासेवाली रोज विचारायची, "ताई, साबण पुरतो ना?" आत्या ते गिळायची. सापळ्यांत पुढे काही सापडलं नाही, नोकरीही टिकली. पण धक्क्यावर तिला कुणी जुमानेना. "आधी घरचं बघा," म्हणत लोक बंद पिशव्या घेऊन सरळ निघून जायचे. एखाद्या पोत्यातून दुसरा उंदीर आला असता तर तिला पत्ताही लागला नसता. ती झुरायला लागली.

मग लेक तान्ह्या बाळाला घेऊन आली. आत्याने नात अजून पाहिलीही नव्हती. होडी भरलेली, धक्क्यावर बघ्यांची गर्दी. लेकीने बाळ पुढे केलं, "घे ना आई." आत्याचे हात पुढे गेले आणि थांबले.

"आधी सामान उघड."

"आई! बाळ आहे गं माझ्या हातात."

"ते हिच्याकडे दे," ती माझ्याकडे बोट करून म्हणाली. "सामान उघड."

मी बाळ घेतलं. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, आत्याच्याही. तरी आत्याने खाली बसून प्रत्येक लंगोट झटकला, प्रत्येक दुपटं उलगडलं, पिशवीचे कोपरे चाचपले. शेवटी माझ्याकडे येऊन बाळाभोवतीची शालही सोडून पाहिली. कुणी हसलं नाही.

मग तिने नातीला छातीशी धरलं आणि तिथेच, दगडावर, तिचे पापे घेत बसली. लेक डोळे पुसत शेजारी टेकली. त्याच होडीने आलेल्या मासेवालीने आपली टोपली उतरवून आत्यासमोर ठेवली आणि पालथी केली.