कर्नेलवरची सही
तापलेल्या कॉम्प्युटरमधून जळक्या धुळीचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. भवानी पेठेतल्या टॉवेलच्या कारखान्यात मी डिझाइनं करायचे. तिथल्या लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरला नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि स्क्रीन काळी पडली. कार्डाचा ड्रायव्हर चालायला कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभाच, मूळ कोडपासून नव्यानं बांधावा, कंपाइल करावा लागणार होता. बाहेर मागांची खडखड, समोर पळणाऱ्या अक्षरांच्या ओळी; चार तास मी जागची हलले नाही. शेवटी स्क्रीनवर टॉवेलवरचा मोर उमटला, तेवढ्यात नवरा मला न्यायला आला. मालकांनी त्याचाच हात धरला. "तुमीच फोनवर सांगितलं असणार की! लई डोकं हाय बघा तुमाला." घरचा प्रिंटरही ज्याला जोडता येत नाही, तो नुसता हसला. नाही म्हणाला नाही. माझे कान तापले. मी परत खुर्चीत बसले, मशीन सुरू होताना दिसणाऱ्या कर्नेलच्या नावापुढे माझं नाव जोडलं आणि पुन्हा कंपाइलला लावलं. "आता काय राहिलं?" त्यानं विचारलं. "सही," मी म्हणाले आणि त्याला बाहेर बाकड्यावर बसवून ठेवलं. मालकांवरचा राग केव्हाच गेला. ते हसणं मात्र अजून रोज माझ्यासमोर जेवायला बसतं.