मोरपीस, काळे मणी आणि बंद दार

आधी कबूल करा की हसणार नाही. कबूल? मग चहा घ्या आणि ऐका. हा घोळ आमच्या अल ऐनच्या, म्हणजे तिकडे अमिरातीतल्या, अख्ख्या बिल्डिंगने पाहिलाय, पण त्यामागचं खरं कारण मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही घरचे म्हणून सांगते.

तर, आमचा मंदार. माझा नवरा, इंजिनियर, पुण्याचा, इतका सरळ की मोबाइलचा पासवर्डसुद्धा मलाच विचारून ठेवतो. असा माणूस उन्हाळा सुरू झाल्यापासून ऑफिसातून आला की स्टडीरूममध्ये जाऊन आतून कडी लावायला लागला. विचारलं तर म्हणे, जरा काम आहे. आता कामाला कडी कशाला लागते, सांगा बरं?

तुम्ही म्हणाल, सरळ खडसावायचं ना! पण मी शाळेत बायॉलॉजी शिकवते हो. आधी निरीक्षण, मग निष्कर्ष, हे रोज मुलींच्या डोक्यात भरते. पुराव्याशिवाय नवऱ्याला धरणं मला शोभलं नसतं.

पहिला संशय अर्थातच बाईचा. पण बाईसाठी माणूस परफ्यूम मारतो, हा मात्र टेबल लॅम्प आणि भिंग घेऊन आत जायचा. शिवाय कधी कधी वरच्या मजल्यावरचे दिलावरभाई त्याच्या सोबतीला. रत्नागिरीकडचे, सनाइयात, म्हणजे तिथल्या गॅरेजांच्या वस्तीत, गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान, पाच वेळचे नमाजी. त्यांना घेऊन कोण प्रेमप्रकरण करेल? बाई बाद झाली. पण त्यामुळे जीव शांत होण्याऐवजी जास्तच घाबरला. बाई नाही तर मग आहे काय?

एक दिवस मंदार आंघोळीला गेला आणि मी त्याचा ड्रॉवर उघडला. आत पत्र्याची एक डबी. डबीत काय असावं? लाल दोरा. काळा दोरा. तांब्याची केसासारखी बारीक तार. पांढऱ्या लोकरीचे तुकडे. आणि काळे मणी! माझं मंगळसूत्र ओवून उरलेले, मी कपाटात जपून ठेवलेले काळे मणी!

मी तशीच देवघराकडे धावले. कृष्णाच्या मुकुटातलं मोरपीस अर्धं बोडकं झालेलं. कुणीतरी त्याचे तंतू एकेक करून उपटून नेले होते.

लाल दोरा, काळा दोरा, मोरपीस, काळे मणी. लहानपणी सांगलीला आमच्या गल्लीत कुणाच्या उंबऱ्यावर असलं काही सापडलं की आई त्या रस्त्याने जाऊ द्यायची नाही. आणि इथे माझा स्वतःचा नवरा, माझ्याच मंगळसूत्राचे मणी घेऊन, कडी लावून करणी करत होता. कुणावर? घरात दुसरं होतं कोण?

मग मला सगळं जुळायला लागलं. माझी कंबर कधीपासून दुखत होती? त्याच महिन्यापासून. वॉशिंग मशीन कधी बंद पडलं? त्याच आठवड्यात. नववीच्या मुली माझ्या पेपरात आपटल्या, तेही तेव्हाच. संशय एकदा डोक्यात शिरला की पुरावे स्वतः पत्ता शोधत येतात हो.

उरलंसुरलं काम त्या दिवशी संध्याकाळी झालं. मंदार फोनवर बोलत होता, मी दाराला कान लावला. "काळा झाला, दिलावरभाई. आता लाल करतो, रक्तासारखा. नाही नाही, मेलेला वाटता कामा नये. श्वास घेतोय असं दिसलं पाहिजे."

इतक्या वर्षांचा संसार, आणि या माणसाला मी इतकी नकोशी झाले? मला खरंच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्याबरोबर वर गेले आणि दिलावरभाईंच्या बायकोला, सकिनाभाभींना सगळं सांगितलं. वाटलं, त्या वेड्यात काढतील. छे! त्या उठल्या, दार लावून आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे पण तसलीच डबी हाय गो. मी हात नाय लावला."

पोलिसात जायचं का, यावर आमची चर्चा झाली. पण या देशात जादूटोणा गुन्हा आहे. नवऱ्याची नोकरी, व्हिसा, सगळं एका दमात खलास. दोघींचे नवरे तुरुंगात आणि आम्ही सामान बांधून गावी, हे चित्र काही बरं दिसेना. शेवटी ठरलं की इलाज घरातच करायचा. भाभी त्यांच्या पद्धतीने दुवा पढणार, मी माझ्या पद्धतीने दृष्ट काढणार आणि आधी आमच्या घरातली डबी सामानासकट जाळून टाकायची.

दोघे घरी यायच्या आत आम्ही माझ्या स्वयंपाकघरात जमलो. मी मीठ, मोहरी, लाल मिरच्या घेतल्या, आधी स्वतःवरून उतरवल्या, मग भाभींवरून, मग वॉशिंग मशीनवरून. सगळं लोखंडी तव्यावर टाकलं. दृष्ट लागलेली असली की मिरच्यांचा ठसका लागत नाही म्हणतात. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत उभ्या. एक शिंक नाही! भाभींचा चेहरा पांढराफटक पडला. वर एक्झॉस्ट फॅन पूर्ण वेगाने चालू होता, हे दोन शिकलेल्या बायकांपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही.

मग मी डबी उघडली आणि तव्यावर उपडी केली. तळाच्या कापसातून इवले इवले काळे-लाल जीव पडले, पोटाला तारेचे वेढे, डोक्यावर पांढरा झुपका, खाली आकडा. शेजाऱ्यांना वास जायला नको म्हणून भाभींनी एक्झॉस्ट बंद केला.

पुढचं काय सांगू! जळकी पिसं, लोकर आणि मिरच्या, असा धूर उठला की समोरचा फ्रिज दिसेना. खोकून खोकून जीव जायची वेळ आली. मी गॅस बंद केला आणि धावत जाऊन मुख्य दार सताड उघडलं. धूर बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये गेला. कॉरिडॉरच्या छताला फायर अलार्म होता.

त्यानंतर मे महिन्याच्या उन्हात अख्खी बिल्डिंग खाली उभी होती. कडेवरची पोरं, अर्धवट दाढी केलेले साहेब, केसांना मेंदी लावलेल्या बायका, सगळे. आगीचा बंब आला. बिल्डिंगचा नातूर, म्हणजे आमचा वॉचमन, सगळ्यांदेखत विचारायला लागला की मॅडम, क्या जल रहा था? जादूटोण्याचं नाव तोंडातून काढायची सोय नव्हती. मी म्हटलं, फोडणी. एका मल्याळी बाईंनी खूप आपुलकीने कशाची फोडणी म्हणून विचारलं.

एवढ्यात मंदार आणि दिलावरभाई गाडीतून उतरले. मंदार आधी मला शोधत आला, मी धडधाकट आहे हे पाहिलं, आणि मग माझ्या हातातली काळी पडलेली डबी त्याला दिसली. मी त्याला गाडीच्या आडोशाला ओढलं आणि रडत सगळं ओकले. माझ्यावर करणी का केलीस, एवढंच सांग म्हटलं.

दिलावरभाई तोंड फिरवून गाडीच्या टायरकडे पाहायला लागले. त्यांचे खांदे हलत होते.

मग कळलं ते असं. ईदच्या सुट्टीत दोघं किर्गिझस्तानात एका तळ्यावर ट्राउट मासे धरायला जाणार होते. ट्राउट तिथे पाण्यातल्या चिलटांवर जगतो. ती चिलटं कोषात असताना तळातून हळूहळू वर येतात, डोक्यावर श्वास घ्यायचा पांढरा झुपका असतो. त्यांची हुबेहूब नक्कल गळावर बांधायची, दोरा, तार, मणी, मोरपिसाचे तंतू वापरून. लाल होती ती त्यांची अळी. मी दरवर्षी फळ्यावर डासाची अळी आणि कोष काढते, रंगीत खडूने!

"मग लपवलंस कशाला?" मी विचारलं.

"माझ्या बोन्सायच्या छंदाचं तू काय केलं होतंस आठवतंय? प्रत्येक पार्टीत माझी नक्कल करायचीस. म्हटलं, एक तरी मासा घेऊन येऊ, मग सांगू."

एवढे दिवस डोळे फोडून बांधलेली त्याची सगळी चिलटं मी मिरच्यांबरोबर भाजली होती. मी अगदी पडेल आवाजात म्हटलं, पण एवढं हुबेहूब करायची गरजच काय होती? साधं काहीतरी बांधलं असतं तर मला संशय तरी आला नसता.

"तळ्याचं पाणी संथ असतं, मेधा. माशाला निरखायला वेळच वेळ. फार संशयी जात ती. जरा काही वेगळं दिसलं की झालं."

"म्हणजे माझ्यासारखीच," मी म्हटलं. म्हटलं, तेवढंच वातावरण हलकं होईल.

मंदारने खाली उभ्या असलेल्या गर्दीकडे पाहिलं, बंबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाही गं," तो म्हणाला. "ट्राउटला संशय आला तर तो गुपचूप निघून जातो. बिल्डिंग खाली करत नाही."