मांडव आमचा, घोषणा जिल्ह्याच्या

मंडळी, आज उदगिरात आमच्या दारात लई मजा झाली.

आम्ही ख्रिस्ती. बायबलमधला मंडपांचा सण लेकींना कळावा म्हणून सकाळी बांबू रोवून लिंबाच्या डहाळ्यांचा मांडव घातला.

तेवढ्यात शेजारचे किराणावाले अप्पा गल्लीतली माणसं घेऊन हजर! मांडव बघून म्हणाले, "उदगीर जिल्हा व्हावा म्हणून उपोषणाला बसलात, अन् आम्हाला सांगितलं न्हाई?" लगेच घोषणाही सुरू.

मी हात जोडले. "अप्पा, इस्राएली लोक रानात अशा झोपड्यांत राहिले, त्याची ही आठवण हाय. देवानं त्यांना खडकातून पाणी दिलं."

"खडकातून? आमच्या बोअरला नुसता फुफाटा लागला! देवाला म्हणावं, जिल्हा राहू दे, टँकर तेवढा धाड."

सगळे हसले, पण ओरडून घसे कोरडे पडले होते. आमच्या घरात पाण्याचा एकच माठ. मी हळूच दार पुढं ओढलं. बायकोनं मात्र माठच बाहेर आणला. "तहानलेल्यांनी माझ्याकडे यावं, असं येशू याच सणात म्हणाला. आता आलेत, तर पाजा की!"

इतकी वर्षं प्रवचनं ऐकली, सणाचा अर्थ आज कळला.

माठ रिकामा झाल्यावर अप्पांनी विचारलं, "सण किती दिवसांचा वो?"

"सात."

"मग उद्याचं पाणी माझ्या घरून."

परवाचं कोण आणतंय, मंडळी?